निरीक्षण विहीर क्रमांक एक

४ मे १९९५, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. कठड्यापासून पाण्यापर्यंत बारा मीटर बासष्ट सेंटिमीटर. विहिरीचा तळ तेरा मीटर दहा सेंटिमीटरवर. म्हणजे पाणी जेमतेम गुडघाभर उरले होते. मी नोंद केली, फितीच्या टोकाला चोळलेला ओला खडू ओढणीला पुसला आणि माझ्या प्लॉटवर जाऊन बोअरची मोटर बंद केली. दहा दिवस ती चालवायची नाही, असे मी ठरवले होते.

विहीर माझी नव्हती.

नागापूरच्या कारखान्यांच्या मागे, जिथे वस्ती संपून शेते सुरू होत, तिथे मी दहा गुंठे बिनशेती जमीन घेतली तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. भूशास्त्राची पदवी, शहरातल्या महाविद्यालयात नोकरी, पीएच.डी.ला भूजलाचा विषय. लग्नाआधी स्वतःच्या नावाचे घर हवे, हा माझा हट्ट होता. बांधाला लागून शेजारच्या शेतकरी बाईंची, ज्यांना मी मावशी म्हणू लागले, लिंबाची बावीस झाडे आणि ती विहीर. गावच्या विहिरीवर त्यांच्या लोकांना पाणी भरू देत नसत, त्या काळात मावशींच्या सासऱ्यांनी ती पहारीने खोदली होती. पुढे घराने बुद्धाचा धम्म घेतला, मुलगा शिकून पुण्याला गेला, आणि विहीर व झाडे मावशींकडे राहिली.

माझे बांधकाम पाण्यावाचून अडले. विचारायला गेले, तर मावशींनी माझे वाक्य पुरे होऊ दिले नाही.

"पाईप टाक. पान्याला न्हाई म्हनू ने कुनाला. आमाला म्हनलेलं हाय, म्हनून सांगते."

माझा पाया, माझ्या भिंती, माझा स्लॅब त्या पाण्यावर पक्का झाला. पण दुसऱ्याच्या पाण्यावर उभे राहिलेले घर मला अपुरे वाटे. एका सकाळी मी होकायंत्र घेऊन विहिरीत उतरले. कमरेच्या दोराचे दुसरे टोक मावशींनी आपल्या हाताला गुंडाळून धरले होते. काळ्या खडकात एक उभी भेग होती आणि विहिरीचे जवळजवळ सगळे पाणी तिच्यातून झिरपत होते.

"काय बगतीस गं बये त्या भेगंत?" वरून आवाज आला.

"पाणी कुठून येतं ते बघतेय, मावशी."

"येतंय तितकं बास हाय. त्याचा पत्ता कशाला पायजे?"

मला पत्ताच हवा होता. भेगेची दिशा मी मोजली, वर येऊन ती रेषा कागदावर लांबवली. ती माझ्या प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यातून जात होती. जानेवारीत मी नेमके तिथेच बोअर घेतले. साठ मीटरचे ठरवले होते. चौतिसाव्या मीटरलाच पाणी उसळले. मावशींनी टाळ्या वाजवल्या. एकाच भेगेवर दोन ठिकाणी उपसा झाला तर उथळ असलेले आधी आटते, हे मी वर्गात शिकवत होते. शिकवलेले आपल्या अंगणात लागू करायचे नाही, एवढी एकच सूट मी स्वतःला दिली.

एप्रिलमध्ये मावशी कठड्यावर बसल्या होत्या.

"तू शिकलेली हायस. सांग बरं, माजी विहीर का रुसली?"

"यंदा पाऊस कमी झाला, मावशी."

"मागल्या साली याहून कमी हुता की."

"परिणाम एक वर्ष उशिरा दिसतो."

"शास्त्र म्हनतं तसं?"

"हो."

"मग आसंल," त्या म्हणाल्या आणि उठल्या. इतक्या सहज माझे म्हणणे कुणी कधी मान्य केले नव्हते.

त्यानंतर मला नीट झोप लागेना. तेव्हा मी तो प्रयोग आखला. पुराव्याशिवाय कबुली देणे अशास्त्रीय आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. मिस्त्रीला मोटर जळाल्याचे सांगितले, फरशीच्या कामाला टँकर मागवला. मावशींचा उपसा नेहमीसारखाच, आठवड्यातून दोनदा, चालू होता. बदललेली गोष्ट एकच, माझी मोटर. रोज सकाळी पातळी वर येत गेली. चौदा तारखेला आकडा होता दहा मीटर पंच्याण्णव.

त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. पांढऱ्या लुगड्यात मावशी खिरीचा डबा घेऊन आल्या.

"परसभर पानी चढलं गं!" त्यांचा परस म्हणजे माणसाची उंची, माझ्या वहीत एक मीटर सदुसष्ट. "तुजंच खरं निघालं. उशिरा दिसतं म्हनली हुतीस, बग, दिसलं. आता झाडं जगत्यात. खा. साखर जास्तीच घातलीय, तोंड सदा कडू असतंय तुजं."

पुरावा हातात होता. सांगायचे वाक्यही तयार होते. मी ते आरशासमोर दोनदा म्हणून पाहिले होते. मी चमचा तोंडात घातला आणि म्हणाले, "छान झालीय."

सतरा तारखेला वास्तुशांत होती. ऐंशी माणसे, विभागप्रमुख, मला नकार दिलेल्या दोन स्थळांकडची मंडळीसुद्धा. फक्त त्या दिवसापुरती म्हणून मी मोटर सुरू केली. मावशींनी आहेरात टोपलीभर लिंबे आणली. माझ्या नळाच्या पाण्यात ती पिळून सरबत झाले. सर्वांनी बोअरच्या गोडव्याचे कौतुक केले. पाणी आणि लिंबे दोन्ही एकाच बाईची होती, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी नव्याने लावलेल्या हिरवळीला पाणी हवे होते. तिसऱ्या दिवशी मी कारण शोधलेच नाही.

माझ्या प्रबंधात तो आलेख आहे. 'निरीक्षण विहीर क्रमांक एक' एवढेच त्याखाली लिहिले आहे. कुणाची, कुणी खोदलेली, हे नाही. इतका स्वच्छ आलेख क्वचित दिसतो, असे परीक्षक म्हणाले. त्या पावसाळ्यापर्यंत बावीसपैकी सतरा झाडे वाळली होती. मावशींनी ती तोडून घेतली आणि पाऊस उशिरा दिसतो, असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत राहिल्या. माझ्या शब्दांत.

आलेख शेवटच्या बिंदूच्या आधी थांबतो. तो बिंदू मी छापला नाही. तो फक्त वहीत आहे. फीत खाली सोडली तेव्हा खडू कोरडाच वर आला होता.

२५ मे १९९५, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे: १३.१०.