चार बोटं खालचा मुरूम

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुन्नरला सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी रांगेत उभा होतो. पुढं सात-आठ जण, खिडकीतला माणूस जेवायला गेलेला, आणि खिशातला मोबाईल वाजायचा थांबेना. सुनंदावहिनींचा नंबर दिसला म्हणून वाटलं, वसंताच बोलणार. स्वतःचा मोबाईल तो कधी धड चार्ज करायचा नाही. पण बोलल्या वहिनीच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं चाक उतरवता उतरवता तो खाली बसला, छातीत दाटतंय म्हणाला, आणि मंचरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी रडू आलं नाही, राग आला... दहा वर्षं या माणसाशी एक गोष्ट बोलायची राहिली होती, आणि हा असा अर्ध्यातून उठून गेला. आता महिना होऊन गेला तरी तो राग उतरलेला नाही. त्यातला त्याच्यावरचा किती आणि माझ्यावरचा किती हे ठरवायला बसलो की मी आणखीच चिडतो.

वसंता मूळचा निरगुडसरचा. पुणे-नाशिक रस्त्याला पेठला त्याचं टायरचं दुकान होतं. पत्र्याची शेड, हवेचा पंप, आत बुद्धाची तसबीर आणि वर माळ्यावर जुने टायर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी मारुती तिथं पंक्चर झाली, ही आमची पहिली भेट. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. टायरभोवती फिरला, अंगठ्याचं नख रबरात रुतवून पाहिलं आणि म्हणाला, "नक्षी हाय, पण रबर मेलंय. पावसात नेऊ नको राव." मी म्हटलं, टायर तर नवाच दिसतोय. तो म्हणाला, दिसायला काय, नुसता पडून राहिला तरी टायर म्हातारा होतो. नख रुतलं तर जिता, नाही रुतलं तर मेला. एवढं बोलून त्यानं पंक्चर काढलं आणि मेलेला टायर मला परत घालून दिला. सांगायचं काम माझं, ऐकायचं तुझं, असा त्याचा खाक्या होता आणि तो शेवटपर्यंत बदलला नाही.

पुण्यात कॉलेजला असताना मला ऑटोक्रॉसचं वेड लागलं होतं. मोकळ्या माळावर झेंडे रोवून वाकडीतिकडी वाट आखायची आणि एकेका गाडीनं घड्याळ लावून ती पळायची. ज्याला वेळ कमी लागेल तो जिंकला. झेंडा पाडला की वर सेकंद चढले. कोरड्या दिवसात हा खेळ गाडीचा आणि चालवणाऱ्याचा असतो, पावसात मात्र तो निम्म्याहून जास्त टायरचा असतो. म्हणून पावसाळ्यातल्या प्रत्येक स्पर्धेला मी वसंताला बरोबर न्यायला लागलो. तो येताना दोन-तीन जातीचे टायर टेम्पोत टाकून आणायचा आणि मग माझा अंत पाहायचा. गाडी जॅकवर चढवलेली, माझा नंबर जवळ आलेला, आणि हा गृहस्थ मैदानात उकिडवा बसून मातीची मूठ वळतोय. मूठ उघडल्यावर ढेकूळ तसंच राहतंय की फुटतंय, बोटाला चिकटतंय की नाही, हे पाहायचं. शेतकरी पावसानंतर वाफसा झाला का ते जसं पाहतो, अगदी तसंच. मी ओरडायचो, अरे पेरणी करायची नाहीये आपल्याला. तो ढिम्म.

पण त्याचं चुकायचं नाही, हेच जास्त चीड आणणारं होतं. चिखल खोल असेल तर रुंद टायर आणि हवा कमी, म्हणजे गाडी वरच्या वर निघून जाते. वर पातळ चिखल आणि खाली कडक असेल तर अरुंद टायर, म्हणजे तो चिखल कापून खाली पोचतो आणि तिथं पकड घेतो. काळ्या मातीत नक्षीच्या फटी भरल्या की महागातला टायरसुद्धा गुळगुळीत होतो, म्हणून तो तापवलेल्या पात्यानं मधले ठोकळे कापून फटी मोठ्या करायचा. जळक्या रबराचा वास मला तेव्हापासून आवडतो. सुनंदावहिनी म्हणायच्या की हाच वास यांच्या जेवणालाही येतो.

दशक संपता संपता पुण्याच्या मंडळींना पावसाळी स्पर्धेसाठी जागा हवी होती, आणि मी मोठ्या तोऱ्यात निमगाव साव्याचं आमचं पडीक रान देऊ केलं. स्पर्धेच्या आधी तीन दिवस पावसानं झोडपलं होतं. मी पुण्याहून रुंद टायरचा नवा कोरा संच आणला होता. वसंतानं सगळ्या रानात फेरी मारली आणि येऊन म्हणाला, "अरुंद लाव. चार बोटं काळी हाय, खाली मुरूम हाय." माझ्या डोळ्यांपुढं तर पोटरीपर्यंत चिखलात चाललेली माणसं होती. मी म्हटलं, ही काळी जमीन आहे, खाली काय आहे ते मला माहीत आहे. खरं म्हणजे मला काहीही माहीत नव्हतं, त्या रानात मी आयुष्यात कधी नांगर धरला नव्हता. माणसं चालत होती ती बांधाकडच्या सखल पट्ट्यातून, आणि वाट आखली होती वरच्या अंगाला. तो परत म्हणाला, मुरूम हाय. माझे पुण्याचे मित्र आजूबाजूला उभे होते. मी सगळ्यांच्या देखत बोललो, "रान माझ्या बापाचं आहे वसंता, तुझ्या नाही."

तो म्हणाला, "न्हाई. माझ्या बापानं नुस्तं खणलंय. ती इहीर त्याच्या हातची हाय."

रानाच्या कडेला आमची विहीर आहे. माझ्या आजोबांनी ती खोदून घेतली, एवढंच मला ठाऊक होतं. कुणी खोदली हे मी कधी विचारलं नव्हतं. निरगुडसरहून खोदाईची टोळी आली होती, त्यात वसंताचे वडील होते, आणि लहानगा वसंता दोन महिने त्या मातीच्या ढिगावर खेळला होता, हे मला त्या संध्याकाळी माझ्या वडिलांकडून कळलं. कितीवर मुरूम लागला आणि कितीवर खडक, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यानं मात्र त्यावर वाद घातला नाही. माझेच रुंद टायर त्यानं स्वतःच्या हातानं चढवले, एकेक नट आवळला, हवा तपासली. मी गाडी काढली आणि दुसऱ्याच वळणावर नक्षी काळ्या मातीनं भरून गेली. चाकं खाली पोचेचनात, गाडी सरकत सरकत तीन झेंडे घेऊन थेट विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन थांबली. त्या दिवशी जिंकला तो एक जुनी जीप घेऊन आलेला माणूस, अरुंद टायरांवर.

माफी तिथंच मागायला हवी होती. मी मागितली नाही. आधी हरल्याची लाज, मग बोललो त्याची लाज, आणि दिवस गेले तसं तोंड उघडणं आणखी अवघड झालं. एकदा पेठला मुद्दाम गेलो, बाकड्यावर बसलो आणि म्हटलं, वसंता, त्या दिवशी रानात मी... त्यानं पंप सुरू केला. त्याच्या आवाजात काही ऐकू येईना. पंप बंद केल्यावर म्हणाला, "फुडच्या पावसाला अरुंदच लावू." मला वाटलं, सुटलो. आज कळतं की तो विषय मिटवत नव्हता. पुढच्या पावसाला ये, त्या रानात परत गाडी घाल, माझं ऐक, एवढीच माफी त्याला पुरणार होती. पुढं दर वर्षी आषाढात तो विचारायचा, यंदा कुठं मैदान हाय का? मी म्हणायचो, बघू. लग्न, नोकरी, मुलं अशी कारणं माझ्याकडं तयार असायची. खरं कारण असं की ते अरुंद टायर चढवणं म्हणजे चारचौघांत कबूल करणं होतं, आणि एवढं साधं काम माझ्याच्यानं झालं नाही. तो आपला विचारत राहिला. एकदा तरी मला शिवी हासडायची होती त्यानं, म्हणजे मोकळं व्हायला मला निमित्त मिळालं असतं. तेवढंही केलं नाही, याचा मला अजून राग येतो.

परवा पेठला गेलो. दुकान आता त्याची मुलगी माधुरी चालवते, कॉलेज सांभाळून. मला पाहून ती शिडी लावून माळ्यावर चढली आणि एकेक करून चार टायर खाली सोडले. अरुंद, मधले ठोकळे हातानं कापलेले, फटी साफ पुसलेल्या. प्रत्येकावर खडूनं माझं नाव आणि कुठलं चाक ते लिहिलेलं. खडू ताजा होता. माधुरी म्हणाली, "पप्पा दर आखाडाला फिरून लिव्हायचे. दुसरं गिऱ्हाईक आलं तर म्हणायचे, ते इकायचे न्हाईत, काकांचे हायेत. काका येत्याल."

मी पुढच्या डाव्या चाकाच्या टायरावर अंगठ्याचं नख दाबलं. नक्षी पुरी होती, एक मीटरसुद्धा न पळालेली. आणखी जोर लावला. माधुरी बघत होती, मी काय पाहतोय ते तिला कळत होतं. नख रुतलं नाही.