विरळ हवेचे सबनीस सर

प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की सबनीस सर आधी ओरडायचे, "खिडक्या उघडा रे, जीव गुदमरतोय!" आणि तिथेच, काचेच्या बंद पेटीत, डोळेही न उघडलेली उंदराची पिल्लं त्यांच्याच हुकमावरून हिमालयातल्यासारखी विरळ हवा ओढत असायची. प्राणवायू कमी पडला की कोवळी फुफ्फुसं कशी वाढतात, हा सरांचा विषय. स्वतः सर पहिल्या मजल्यावरही लिफ्टने यायचे.

नाशिकच्या त्या कॉलेजात मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. 'माणूस मनाने वाईट नव्हता' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

"गुदमरल्याशिवाय छाती रुंद होत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. रजा मागणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावं लागे. त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या येवल्याच्या वैशालीला तर जरा जास्तच. प्रयोगाचं सगळं काम तीच ओढायची. पिल्लांचं एक वेत पेटीत, एक बाहेर. दोन्ही वेतांच्या आयांची ती रोज सकाळी अदलाबदल करायची. विरळ हवेत उंदरीचं दूध आटतं, आणि मग पिल्लं हवेमुळे खुरटली की भुकेमुळे, ते कळत नाही.

दिवाळीला ती घरी गेली. जाताना सरांना, आया रोज बदला, असं दहादा बजावून गेली. सरांनी मान डोलावली आणि घरी बसून चकल्या हाणल्या. ती परतली तेव्हा पेटीतली निम्मी पिल्लं मेली होती, उरलेली नुसती सुरकुतलेली कातडी.

"सर, ही उपासमारीनं मेलीत. पुन्हा करावं लागेल सगळं."

"आयांचे कसले लाड गं? लिही, विरळ हवेमुळे फुफ्फुसं खुरटली."

"मी नाही लिहिणार."

तिने लिहिलं नाही, सरांनी तिचा प्रबंध पुढे जाऊ दिला नाही. खुरटलेल्या फुफ्फुसांचा शोधनिबंध मात्र एकट्याच्या नावावर छापून मोकळे झाले. या माणसाच्या निर्लज्जपणाला प्राणवायू कधी कमी पडला नाही. वैशाली सामान बांधून येवल्याला गेली. आता तिथे शिकवण्या घेते.

गेल्या महिन्यात सर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, गच्च भरलेला हॉल. वैशालीला बोलावणं नव्हतं. "विद्यार्थ्यांना मी पोटच्या लेकरांसारखं वाढवलं," सर माइकवरून म्हणाले. टाळ्या पडल्या. मग त्यांनी घाम पुसला. "जरा ती खिडकी उघडा हो, गुदमरतंय."

खिडकीला लागून मीच बसले होते. मी खुर्ची आणखी मागे रेटून खिडकीला टेकवली.

"गुदमरू द्या सर," मी म्हणाले. "छाती रुंद होते."