आत्याची फळीवरची मरिया

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा लिहायचं धाडस केलं याबद्दल माफी असावी. काल गुलमंडीत एका दुकानात विझलेल्या मेणबत्तीचा वास आला आणि फुलंब्रीचं आत्याचं घर आठवलं.

आत्याकडे लाकडी फळीवर रंगवलेली मरिया होती, कडेवर बाळ येशू. दवाखान्यातल्या एका केरळी नर्सनं दिलेली. रोज सकाळी मेणबत्ती लावून आत्या तिच्यासमोर गप्प बसायची. ओठसुद्धा हलायचे नाहीत.

"आत्या, काय मागती गं एवढं?"

"मागायला सारी मंडळी हाय की. मी नुसती बघती, अन् ती मला बघती."

मग आमच्या चर्चमध्ये नवे पाळक आले. ही मूर्तिपूजा आहे, म्हणाले. "तू शिकलेला आहेस, तूच समजाव आत्याला." त्या शब्दांनी मी फुगलो. समजावलं काहीच नाही. फळी भिंतीवरून उतरवली आणि "जाळून टाका" म्हणून त्यांच्या हातात दिली.

आत्या एवढंच म्हणाली, "लई शिकलास रं बाबा."

तेव्हा मला ते कौतुक वाटलं! आज त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. उरलेली तीन वर्षं आत्या कोऱ्या भिंतीसमोर बसली आणि तशीच गेली.

मागच्या आठवड्यात चुलतभाऊ पाळकांच्या शहरातल्या घरी जाऊन आला. फळी त्यांनी जाळलीच नव्हती. त्यांच्या बैठकीत, टीव्हीच्या वर, शोभेला लावली आहे.