मागे राहिलेलं घर

समोरच्या वहिनींचा मुलगा आज सकाळी नोकरीसाठी परगावी निघाला. तो जिना उतरतो न उतरतो तोच कामाला येणाऱ्या शांताबाईंनी झाडू उचलला.

“थांबा हो, माणूस निघाल्यावर लगेच केर काढू नये,” वहिनी म्हणाल्या.

“मग तो पोचेस्तोवर मी बसून राहू? चहा तरी टाका,” असं म्हणत शांताबाई खरंच बसल्या.

पुराणांतला नायक घर सोडतो, अरण्य ओलांडतो, राक्षसाला मारतो आणि परततो. मी आयुष्यभर या कथा वाचल्या. कथा त्याच्याबरोबर रानात जाते. मागे राहिलेल्या घराबद्दल फारसं सांगत नाही. पण तिथे कोणीतरी वाट पाहत असतं, म्हणून तर त्याचं येणं हे परतणं ठरतं.

माझ्या पत्नीला जाऊन वर्ष होत आलं. तिला नेलं तेव्हा बायकांनी पाठोपाठ घर झाडून काढलं, कारण त्या वाटेने गेलेलं माणूस येत नाही. हल्ली मी बहिणीच्या गावाहून एस.टी.ने येतो, कुलूप काढतो, दिवा लावतो. “बसायला जागा मिळाली का?” असं कोणी विचारत नाही. मग आपण घरी आलो आहोत, हे माझं मलाच बराच वेळ पटत नाही.