पश्चिमेस रस्ता

नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून खरेदीखतं लिहिणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे चारदिशाकाका म्हणत. खतात जागेच्या चारही बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं. बाकीचे लेखक ते जुन्या कागदावरून उतरवून मोकळे होत. काका मात्र टेप घेऊन स्वतः जागेवर जात आणि फिरून पाहिल्याशिवाय पेनाचं टोपण काढत नसत. घरीही काकू म्हणत, "मीठ कुठे आहे ते यांना विचारा, साखरेच्या दक्षिणेस म्हणून सांगतील." तीस वर्षांत त्यांच्या कागदावरून एकही भांडण झालं नव्हतं आणि त्याचा त्यांना चांगलाच तोरा होता. का नसावा?

एक दिवस शिवणकाम करणारी बाई आली. वीस वर्षं भाड्याने राहिलेलं दोन खोल्यांचं घर ती मालकाकडून विकत घेत होती. जुनं खत सव्वीस वर्षांपूर्वीचं, काकांच्याच अक्षरातलं. 'पश्चिमेस रस्ता', असं ठसठशीत लिहिलेलं. तरी काका टेप घेऊन गेलेच. मागच्या भिंतीपासून रस्त्यापर्यंत साठ फूट भरले. कागदावर होते साडेछप्पन्न. शेजारच्या गुरुजींचं खत मागून पाहिलं, तर घर आणि रस्ता यांच्या मधली पट्टी गुरुजींची निघाली. काकांच्या पायाखालची जमीन सरकली, तीही मोजून साडेतीन फूट. बाईच्या दाराला हक्काचा रस्ताच नव्हता.

खतावरची तारीख पाहिली आणि सगळं आठवलं. त्या दिवशी काकू दवाखान्यात होत्या, मुलगी झाली होती. पश्चिमेला काय, असं काकांनी विकणाऱ्याला विचारलं, तो रस्ता म्हणाला, यांनी लिहिलं.

"म्हणजे दोष माझ्या पोरीचा?" काकूंनी विचारलं.

"पोरीचा कसा? दुसऱ्या दिवशी जायला माझे पाय काय मोडले होते?"

शेजारच्या टेबलावरच्या टंकलेखकाने सल्ला दिला, "जुनं आहे तसंच उतरवा. झाकली मूठ सव्वा लाखाची. गुरुजी देवमाणूस, ते कुणाला अडवणार?" काकांना हे पटावंसं फार वाटत होतं. नाव सांभाळायचं वय झालं होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ते उठले आणि गुरुजींकडे गेले.

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं झालं आलात. पुढच्या महिन्यात मी घर विकून मुलाकडे जातोय. घेणारा म्हणतोय, आल्याबरोबर हद्दीला भिंत घालणार."

त्याच आठवड्यात मालक, गुरुजी आणि बाई व्हरांड्यात बसले. जुन्या खताची दुरुस्ती झाली, नव्या खतात पश्चिमेस गुरुजींची पट्टी आली आणि त्या पट्टीतून जाण्यायेण्याचा बाईचा कायमचा हक्क गुरुजींनी सही करून दिला. दुरुस्तीचं कारण काकांनी स्वतःच लिहिलं: लेखकाने जागा न पाहता लिहिले. मग ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. आवाज जरासा कापला, पण मधे थांबले नाहीत.

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं, काका," बाई म्हणाली.

"भिंत उभी राहिली की कळलं असतं."

बाई कागद पदराखाली धरून घरी गेली. त्या दिवशी ती शिवणयंत्रावरून उठून पाच वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आली, काहीही काम नसताना.