चंद्री गोठ्यात जाईना

चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण माझ्या हातून जो घोळ झाला, तो आमच्या पोंभुर्ण्याकडे लोक अजून एकमेकांना सांगतात.

शाळेतून रिटायर झालो आणि हात शिवशिवायला लागले. घरामागे म्हशीचा गोठा, धानाची कोठी, पंपाची खोली. तिन्हींची वायरिंग वडिलांच्या काळातली, उंदरांनी कुरतडलेली. कुसुम, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, "वायरमन बोलवा जी." मी म्हणालो, "त्यात काय आहे एवढं?"

आठवडाभर राबलो. नवी केबल, नवे बोर्ड, गोठ्यात चारा कापायच्या मशीनला वेगळं कनेक्शन. एक हिरवी वायर तेवढी उरली. ती मशीनपासून नेऊन गोठ्याच्या लोखंडी खांबाला गुंडाळली. दिसायला कसं नीटनेटकं!

दुसऱ्या दिवसापासून आमची म्हैस चंद्री गोठ्यात जाईना. दारात पाय रोवून उभी. ओढत आत नेली, तर खांबाला टेकलेल्या लोखंडी टाकीत तोंड घाले आणि फुस्सकन मागे सरे. दूध निम्म्यावर आलं.

आता आमच्या जंगलालगतच्या भागात जनावर बिचकलं की मनात दुसरं काय येणार? मी शेजारच्या नामदेवभाऊला म्हणालो, "वाघ फिरून राह्यला वाटते." संध्याकाळपर्यंत गावात दोन वाघ झाले. तिसऱ्या दिवशी पिल्लांसकट वाघीण. शेतावर कोणी एकटं जाईना. वनरक्षक आला, गोठ्याभोवती वाकून वाकून फिरला.

"गुरुजी, ठसे तर आहेत," तो म्हणाला.

मी लगेच दाराआडची काठी हातात घेतली.

"पण सारे तुमच्याच गमबुटाचे आहेत."

कुसुम शांतपणे म्हणाली, "तुमी वायर लावली तवापासून बिचकून राह्यली थे." आणि मला न विचारता तिनं सुनंदाबाईला फोन केला.

सुनंदाबाई आयटीआय शिकलेल्या, तालुकाभर वायरिंगची कामं करतात. आल्या, चंद्रीकडे बघितलं, मीटरचं एक टोक टाकीला लावलं, दुसरं ओल्या जमिनीत खुपसलं.

"गुरुजी, टाकीत करंट आहे."

"शक्यच नाही. मी रोज हात घालतो त्यात."

"गमबूट घालून घालता न जी. म्हशीले कुठून आणाचे गमबूट?"

मी हट्टानं बूट काढले. त्या "नाई, नाई" म्हणेपर्यंत माझं बोट पाण्यात. खांद्यापर्यंत मुंग्या आल्या, दात एकमेकांवर आपटले. बाईंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि मग मला असं काही झापलं, की तसं मी कुठल्या पोरालाही कधी झापलं नसेल.

झालं होतं ते असं. मशीनच्या पत्र्याखाली वायर दबून सोलली होती. तो करंट माझ्या हिरव्या वायरीतून खांबात, खांबातून टाकीत. ती हिरवी वायर म्हणजे अर्थिंग, ती जमिनीत खड्डा करून पुरायची असते, आणि मी ती म्हशीच्या पाण्याला जोडली होती.

बाईंनी खड्डा खणवला, पाइप गाडला, कोळसा-मीठ भरलं, करंटची गळती झाली की आपोआप बंद पडणारा स्विच बसवला. मग चंद्रीला सोडलं.

ती दारात थांबली. नाक पुढं केलं, कान हलवले. सावकाश एकेक पाय टाकत ती आत गेली, टाकीत तोंड घातलं आणि पीत राहिली, पीतच राहिली. मला दिसलं नाही, कळलं नाही, ते या मुक्या जनावराला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तीन दिवस मी तिला त्यात ओढत होतो, आणि तिनं मला एकदाही शिंग दाखवलं नाही.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. बाई हत्यारं आवरत म्हणाल्या, "गुरुजी, तुमी शाळेत काय शिकवत होते जी?"

"मराठी," मी म्हणालो.

कुसुम चहाचे कप घेऊन दारातच उभी होती. "नाई बाई," ती म्हणाली, "विज्ञान. बत्तीस वर्षं."