जळालेल्या साखरेचा भात

फोन आला तेव्हा मी पंचवटीच्या भाजीबाजारात अळूच्या जुडीवरून एका बाईशी हुज्जत घालत होते. पानं मोठी हवीत आणि देठ काळे हवेत, अशी वहिनीची सक्त ताकीद होती. शेजारच्या मीनाताई फोनवर नुसतं "सुमनताई, घरी या, रिक्षा करून या" एवढंच म्हणत होत्या. काय झालं ते सांगेनात, म्हणून मी त्यांच्यावरही खेकसले. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आवाज चढवल्याशिवाय मला बोलताच येत नाही. नाशिकरोडला घरी पोचले तर वहिनी पलंगावर होती, डॉक्टर येऊन गेले होते आणि मीनाताई गॅस बंद आहे ना ते पुन्हा पुन्हा बघत होत्या. कणीक मळता मळता खुर्चीत बसली आणि बसल्या जागी गेली, म्हणाल्या. मळलेल्या कणकेवर ओलं फडकं घातलेलं होतं… म्हणजे तेवढं करून मगच ती बसली असणार. त्याला आता सात आठवडे झाले.

माझी वहिनी, लीला, त्रिनिदादची. वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याकडे क्रिकेटच आठवतं, त्यामुळे दादाचं लग्न ठरल्यावर निम्म्या नातेवाइकांनी आधी तिच्या रंगाची चौकशी केली. तिचे पणजोबा बिहारकडचे. उसाच्या मळ्यात राबायला त्यांना बोटीत घालून नेलं, ते परत आलेच नाहीत. पुढे त्यांची भाषा गेली, पण डाळ राहिली, रोटी राहिली आणि मुलींची नावं राहिली. माझा दादा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर होता. दोन वर्षांसाठी तिकडे कामावर गेला आणि हिला घेऊन आला. तिला मराठीचा गंध नव्हता. ती शिकली भाजीवाल्या बायकांकडून, त्यामुळे इंग्रजी फाडफाड बोलणारी ही बाई मराठी बोलायला लागली की थेट खेड्यातली वाटायची. मी फार बडबडले की ती शांतपणे म्हणायची, "सुमन, लय बोलतेस तू."

तिच्या पहिल्या होळीची गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली आहे, की आता मलाच ती ऐकीव वाटते. आईने पुरणाची डाळ शिजवली, पाणी काढलं आणि गूळ घालायच्या आधी ती देवापाशी दिवा लावायला गेली. वहिनीने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. आपल्या घरच्यासारखंच काहीतरी तिला इथे पहिल्यांदा दिसत होतं. तिच्याकडे अशीच डाळ वाटून पोळीत भरतात, तिला दालपुरी म्हणतात, फक्त त्यात लसूण, जिरं आणि मिरची असते. सासूला मदत म्हणून तिने हे सगळं वाटून त्यात घातलं. आईने येऊन गूळ घातला, चांगलं घोटलं आणि पोळ्या केल्या. नैवेद्याचं म्हणून कुणी चाखलं नाही. पहिला घास दादाने घेतला, तोपर्यंत होळीला लसणाची पुरणपोळी पोचली होती. आई दुपारभर कुणाशी बोलली नाही. दादाने मात्र बायकोसाठी त्यातल्या चार पोळ्या तुपात बुडवून खाल्ल्या. पुढच्या वर्षी आईने गूळ घालण्यापूर्वी वाटीभर डाळ बाजूला काढून ठेवली आणि "ही तुझी" एवढंच म्हणाली. आई असेपर्यंत ती वाटी कधी चुकली नाही.

मला तिचा जळालेल्या साखरेचा भात आधी बघवत नसे. तेल तापलं की त्यात साखर घालायची आणि ती वितळून, फेसाळून पार काळपट होईपर्यंत बघत उभं राहायचं. मग त्यात चिकन किंवा डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, फोडी, तुरीचे ओले दाणे, तांदूळ, नारळाचं दूध, वर कुंडीतली ओव्याची पानं आणि एक अख्खी मिरची. झाकण ठेवलं की झालं. इतका सोपा स्वैपाक मी दुसरा पाहिला नाही. पण पहिल्यांदा ती साखर जळताना पाहिली तेव्हा मी धावत जाऊन पातेलं नळाखाली धरलं होतं. केवढा चर्र आवाज झाला, पातेलं कायमचं वाकडं झालं आणि मी वर तिलाच रागावले, लक्ष कुठे असतं तुझं म्हणून. ती हसून म्हणाली, "जळू दे गं. नाय जळली तर भात गोरा राहील." तिने दुसरं पातेलं घेतलं आणि पुन्हा साखर टाकली. त्या रविवारी जो भात झाला, तो मी तीनदा मागून घेतला. त्यानंतर आमच्याकडे रविवार म्हणजे तोच भात. तिच्या देशातही रविवारीच करतात म्हणे.

तिच्या नारळाच्या ब्रेडवरून तर आमचं नेहमी वाजायचं. ओलं खोबरं, बेदाणे, जायफळ, मैदा, सगळं मुठीच्या अंदाजाने. मी वही घेऊन बसायचे आणि एका मुठीत किती ग्रॅम येतं ते विचारायचे. ती म्हणायची, "तुझी मूठ माझ्याएवढीच हाय, मग लिहायचं कशाला?" डिसेंबरात केक व्हायचा, काळाकुट्ट, वर्षभर रममध्ये मुरवलेल्या बेदाण्यांचा. आई गेल्यावर तिच्या लोणच्याच्या बरणीत वहिनीने बेदाणे आणि रम भरली, तेव्हा मी म्हटलं, आई वरून बघतेय हो. दादा म्हणाला, बघू दे, वास तरी घेईल. असं चाललं होतं आमचं. मी लग्न केलं नव्हतं, त्यांना मूल झालं नाही. तिघांचं घर होतं, पण त्यात एकटं कुणीच नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी दादा गेला. त्यानंतर वहिनीच्या मोठ्या बहिणीचे, कमलाचे, दर आठवड्याला फोन यायला लागले. आपल्या आईची खोली इकडे रिकामी आहे, तू ये, तिथे तुझं कोण आहे आता, असं ती म्हणायची. वहिनी फोन घेऊन गॅलरीत जायची. दार लावून घ्यायची, पण गॅलरीला खिडकी आहे आणि मला इंग्रजी कळतं. एकदा तिकिटाचं बोलणं कानावर आलं. जेवताना मी तिला म्हटलं, "जायचं तर जा. मला फक्त तारीख सांगू नकोस. एक दिवस उठेन आणि तू नसशील. चालेल मला." म्हटलं आणि भरलं ताट सोडून उठले. संध्याकाळी जेवले नाही, दुसऱ्या दिवशीही जेवले नाही. साठीला आलेली बाई, पण रुसून बसलेल्या पोरीसारखं वागले. हे मुद्दाम करत होते, ते मला पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी डांगर चिरता चिरता ती म्हणाली, "मला नाय जायचं. तिकडं आता मला आवडत नाय." मी नुसतं "बरं" म्हटलं आणि चहा टाकला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला होता. चहात साखर घालायची विसरले, तरी तिने तो निमूट प्यायला.

त्यानंतर आठ वर्षं तो विषय आमच्यात निघाला नाही. कमलाचे फोन येत राहिले, हळूहळू महिन्यातून एकदा झाले. फोन झाला की वहिनी बराच वेळ गॅलरीतच उभी राहायची, मग आत येऊन काहीतरी पुसायला घ्यायची… ओटा, टेबल, आधीच पुसलेल्या बरण्या. मला दिसत होतं. मी विचारलं नाही. विचारलं आणि ती "जाते" म्हणाली तर काय करायचं, ही भीती होती.

आता घरात माझा आवाज ऐकायला कुणी नाही. सकाळी दूधवाल्याशी बोलते, त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी दूधवाल्याशी. मीनाताई डबा पाठवतात, मी तो उभ्या उभ्या खाते. परवा ओव्याची कुंडी पडली तर मी ओरडले, "वहिनी, खिडकी लाव म्हटलं होतं ना." आणि मग स्वतःच माती भरली. एकटेपणा म्हणजे शांतता असेल असं मला वाटायचं. तसं नाही. तोंडापर्यंत आलेलं सगळं गिळावं लागतं, त्याचा त्रास होतो.

गेल्या आठवड्यात धीर करून मी कमलाला फोन लावला. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तीही एकटीच राहते, हे मला तेव्हा कळलं. इकडची संध्याकाळ म्हणजे तिची सकाळ. बारावं, तेरावं काय काय केलं ते सांगून झालं आणि मग मी विचारलं. लीलाला तिकडे परत यायचं होतं का? माझ्यामुळे राहिली का ती? कमलाने भलतंच विचारलं, लीला तो रविवारचा भात करायची का? म्हटलं, हो, एक रविवार चुकला नाही. मग ती हसायला लागली. म्हणाली, लहानपणी त्या भाताच्या खरवडीवरून आमची मारामारी व्हायची. पातेल्याच्या तळाला लागलेलं ते काळं, गोडसर, कुरकुरीत… लीला पातेलं घेऊन आंब्याच्या झाडावर चढायची आणि कुणाला बोटभर द्यायची नाही. तुमच्याकडे यायला निघाली त्या दिवशीही सगळी एकटीने खाल्ली, विमान चुकेल म्हणून आम्ही ओरडत होतो. "तिकडे तिला मिळायची ना?" कमलाने विचारलं.

मी म्हटलं, मिळायची.

चाळीस वर्षं दर रविवारी वहिनी उलथन्याने ती खरवड सोडवायची आणि सगळीच्या सगळी माझ्या ताटात वाढायची. मी एकदाच विचारलं होतं, तुला नको का म्हणून. "मला नाय आवडत," ती म्हणाली होती. मी बरं म्हटलं आणि खाल्ली.

काल रविवार होता. मी एकटीने तो भात केला. तांदूळ जास्तच पडले, दोघींचं माप हातात बसलंय. वरवरचा थोडा खाल्ला. तळाला खरवड छान धरली आहे, कडेने आपोआप सुटलेली. उलथनं हातात घेतलं, पण मला ती काढवेना. आज सकाळी भांडी घासणारी सखुबाई आली, झाकण उचलून बघितलं आणि म्हणाली, "ताई, पाणी घालून ठिवू का ह्यात? लय लागलंय." एरवी मी तिच्यावर खेकसले असते. आज नुसतं म्हटलं, राहू दे.